रबर तेल पितं

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा, बॅगेसकट आणि अब्रूशिवाय. आत्या दारातच उभी होती. म्हणाली, तुझ्या बाबांनी फोनवर जे वर्णन केलं त्यावरून वाटलं, तुला दोरीला बांधूनच आणावं लागणार. मग हसली आणि वरची खोली दाखवली.

खोली झकास आहे. खिडकी रस्त्यावर उघडते, पलंग करकरतो, आणि भिंतीवरच्या आरशात माझं नाक दोनदा दिसतं. वर यायला अरुंद जिना. सतरा पायऱ्या, मोजल्या मी. कठड्याला काळं रबर चढवलंय, हात घसरू नये म्हणून. खालच्या चार पायऱ्या मी एका उडीत घेतल्या तर आत्या म्हणाली, दात पडले तर स्वतःचे स्वतः वेचायचे.

इथं का पाठवलं ते लिहून ठेवतो, नाहीतर म्हातारपणी विसरेन. बाबांच्या चपला मी दारातल्या फरशीला चिकटवल्या. ते फोनवर साहेबांशी हो हो करत चपलांत पाय घालून निघाले. बाबा पुढे गेले, चपला जागच्या जागी. पडले नाहीत, थोडं हवेत पोहले फक्त. आई तोंड फिरवून हसली, मी पाहिलंय. पण बाबा म्हणाले, मुलगा हाताबाहेर गेला. बारावी दोनदा नापास झालो तेव्हासुद्धा इतके चिडले नव्हते.

ही वही आत्याने दिलीय, आणि एक जाडजूड पेन, धरायच्या जागी मऊ रबर असलेलं. रोज पानभर लिही म्हणाली, तेवढा वेळ तरी तुझे हात कामात राहतील. उद्यापासून नोकरी. तिच्या शब्दावर मिळालीय. हे तिने तीनदा सांगितलं.

मंगळवार, ४

कामाची जागा म्हणजे आजारी माणसांच्या सामानाची लायब्ररी. काठ्या, कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या. लोक घेऊन जातात, बरे झाले की आणून देतात. बरे नाही झाले तरी येतं सामान परत, फक्त आणणारा वेगळा असतो.

आम्ही तिघंच. ताई रजिस्टर सांभाळतात, चष्मा डोक्यावर ठेवून दिवसभर तोच शोधतात. काका दुरुस्ती करतात. सत्तरीचे असतील, नजर अधू झालीय, पण स्क्रू पडल्याच्या आवाजावरून कुठल्या मापाचा ते सांगतात. आणि तिसरा मी, पुसणारा. परत आलेलं सगळं पुसायचं. पहिल्याच दिवशी एका कुबडीची मूठ धरली आणि हात निघेचना. वितळलेली गोळी धरल्यासारखं. मी घाबरून हात झटकला तर कुबडी हातासकट नाचली. काका इतके हसले की त्यांना खोकला लागला.

शुक्रवार, ७

आता मला रबरातलं कळतं. बारावीत हा विषय असता तर पहिला आलो असतो.

रबरी मूठ जुनी झाली की तिला आतून पाझर फुटतो. वरून तेलकट, मग चिकट. ती स्पिरिटच्या फडक्याने पीळ देत पुसायची. काळा शेंबूड निघतो. मग साबणाचं पाणी, मग सुकवणं, मग पावडर. पावडर शेवटी का, तर ती चुगली करते. चिकटपणा राहिला असेल तिथंच ती बसते, आणि ज्याचा हात त्या मुठीवर महिनोन्‌महिने होता त्याची बोटं उमटतात. अशी बोटं दिसली की पुन्हा पहिल्यापासून.

काका ती बोटं वाचतात. हा डावरा. हिला अंगठ्यात दुखत होतं. हा घाबरट, मुठीच्या टोकाला गळा दाबल्यासारखा धरायचा. मी पैज लावून ताईंना विचारतो, त्या रजिस्टर बघतात, आणि काका बरोबर निघतात.

नवी मूठ चढवायची असेल तर नळीवर स्पिरिट शिंपडायचं. लोण्यासारखी सरकते, स्पिरिट उडून जातं आणि मूठ जी बसते ती बसतेच. तेल कधीच लावायचं नाही. मी विचारलं का, तेलाने तर आणखी सोपं जाईल. तर काका हातातलं काम थांबवून म्हणाले, "रबर तेल पितं बाळा. आणि प्यायलेलं विसरत नाही. सुकत नाही, धरत नाही. एक दिवस मूठ माणसाच्या हातात राहते आणि काठी भलतीकडे जाते."

आणि एक चिंध्यांचं. तयार झालेल्या प्रत्येक काठीवर काका स्वतःचं सगळं वजन टाकून बघतात. टिकली की तिला हिरवी चिंधी बांधतात. चिंधी नसलेली काठी ताई कुणालाच देत नाहीत. तीस वर्षांत चिंधीवाली काठी कधी दगा देऊन गेली नाही म्हणे.

सोमवार, १०

आज ताईंच्या स्टेपलरला वितळलेल्या मुठीचा शेंबूड लावला. त्या फोनवर बोलत होत्या, स्टेपलर सुटेना, मग त्याच हाताने फोन धरला, मग फोन सुटेना. मी पोटात दुखेपर्यंत हसलो. त्यासुद्धा हसल्या, पण नंतर. काका म्हणाले, याला शाळेत घालू नका, शाळेचं नुकसान होईल.

मजा येतेय इथं. आत्याला सांगितलं तर तिने मला दोन घास जास्त वाढले.

बुधवार, १२

उद्याचा बेत झकास आहे.

काका एका बुटक्या स्टुलावर बसून काम करतात. उठताना गुडघे साथ देत नाहीत म्हणून हाताशी असेल ती हिरव्या चिंधीची काठी पुढे टेकतात आणि तिला ओढून उठतात. बिनचिंधीच्या काठीला हात लावत नाहीत, इतका स्वतःच्या गाठीवर विश्वास. तर मी एक काठी घेतली, वरची आडवी मूठ काढली, आत शिवणमशीनचं तेल सोडलं आणि परत चढवली. बाहेरून कोरडी पुसली. वर हिरवी चिंधी, काकांसारखीच, दोन गाठी. उद्या ती स्टुलाशेजारी पहिली ठेवायची. काका ओढणार, मूठ हातात येणार, आणि काका धपकन परत स्टुलावर. स्टुलामागे जुन्या गाद्यांचा ढीग आहे, लागणार नाही. तेवढी अक्कल आहे मला.

गुरुवार, १३

फसला बेत. मी सगळ्यांना चहा आणायला गेलो, आलो तर काका उभेच. मला वाटलं म्हातारा तेलालाही पुरून उरला. पण काठीच नव्हती. ताई म्हणाल्या, एक बाई आली होती, निळ्या पिशवीवाली, सासूबाईंना काठी हवी होती, हाताशी होती ती दिली.

मी बाहेर पळालो, पण ती बाई निघून गेली होती. असो. मूठ इतकी काही सैल नव्हती. सुकेलही तेल. उद्या ताईंकडून पत्ता घेऊन काहीतरी थाप मारून काठी बदलून आणतो.

शुक्रवार, १४

आज जमलं नाही. ताईंना पत्ता विचारला असता तर कशाला म्हणाल्या असत्या. सोमवारी बघू.

सोमवार, १७

त्या सासूबाई पडल्या. जिन्यावरून, शनिवारी दुपारी. काल गेल्या.

ताईंना फोन आला तेव्हा मी समोरच वॉकर पुसत होतो. पुसतच राहिलो. तेच चाक, तेच चाक.

मंगळवार, १८

त्यांचा मुलगा आला होता, काठी परत करायला. मला वाटलं ओरडेल, मारेल. मी तयार होतो. तो दारात चप्पल काढून आत आला आणि अगदी हळू म्हणाला की काठी चांगली आहे, आणखी कुणाच्या उपयोगी पडेल. मग दुसरी पिशवी ठेवली. त्यात मूठ होती. म्हणाला, आई सापडली तेव्हा ही तिच्या हातात होती, बोटं सुटत नव्हती, दवाखान्यातल्या नर्सने शेवटी सोडवली.

त्याने पाणीसुद्धा मागून प्यायलं. मीच दिलं.

मूठ नवी होती, तीन आठवड्यांचीसुद्धा नसेल. आता जळवेसारखी फुगलीय. सगळं तेल प्यालीय. काका बाहेर गेल्यावर मी तिच्यावर पावडर टाकली. कशाला टाकली कोण जाणे. चार बोटं उमटली, लहानशी. तिसऱ्या बोटावर आडवी रेघ, अंगठीची.

बुधवार, १९

आमची लायब्ररी चालवणारी समिती बसली. पाच जण, त्यांनी चिंधी टेबलावर ठेवली. काकांना विचारलं ही तुमची का. काकांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली, गाठ चाचपली, आणि म्हणाले, गाठ माझ्याच पद्धतीची आहे. मग चिंधी परत टेबलावर ठेवून म्हणाले, "वजन दिलं असेल मी. हातच चुकला असेल. आता वय झालं."

मी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभा होतो. एक पाऊल पुढे टाकायचं होतं, तेवढंच. ट्रे ठेवला आणि बाहेर आलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ उघडली असती तर आत काय निघालं असतं ते मलाच ठाऊक.

काकांना घरी बसायला सांगितलंय. ३ मार्चला, दुपारी, पुन्हा बैठक. तेव्हा कायमचं ठरेल, आणि दारावर लिहून लावणार की अमक्याच्या चुकीने असं झालं.

गुरुवार, २०

ताईंनी ती फुगलेली मूठ टाकून दे म्हणून सांगितलं. आधी पुसली. स्पिरिटने सहा वेळा. पावडर टाकली, बोटं परत तिथंच, रेघेसकट. फेकायला गेलो तर हातातून सुटेना. कोपऱ्यावरच्या कचरापेटीच्या कडेवर घासून काढली. येणारे-जाणारे बघत होते.

मग नव्या वॉकरची मूठ बसवायला घेतली. कारखान्यातून आलेली, पिशवी मीच फाडली. धरली तर चिकट.

म्हटलं, माझाच हात खराब असेल. पावडर टाकली.

चार लहान बोटं. तिसऱ्यावर रेघ.

शनिवार, २२

इतरांना दिसत नाही. ताईंना तो वॉकर दाखवला, त्यांनी मूठ धरली, म्हणाल्या छान कोरडी आहे. मी धरली की पाझरते.

आज सकाळी दात घासायचा ब्रश, अंगठ्याच्या जागी रबर असलेला. मग स्क्रूड्रायव्हर. मग छत्रीची मूठ. आत्याचं साल काढायचं हत्यार. ती म्हणाली, काय रे, हाताला काय फासून येतोस, सगळीकडे डाग. दाखव म्हणाली. मी हात खिशात घातले. हात दाखवून अवलक्षण नको.

खोलीत पावडरचा डबा आणून ठेवलाय. सगळ्यांवर टाकून पाहिली. प्रत्येकावर माझी बोटं आणि माझ्या बोटांच्या मध्ये ती. आणि एक गोष्ट आज लक्षात आली, काकांनी शिकवलं नसतं तर आली नसती. काठी धरणाऱ्याचा अंगठा वरून येतो. हिचा अंगठा खालून आहे. सगळीकडे खालून.

असं कोण धरतं?

सोमवार, २४

ताईंनी मला काकांच्या स्टुलावर बसवलं. म्हणाल्या, तूच आता वजन देऊन बघ आणि चिंध्या बांध, काकांच्या हाताखाली तूच तर शिकलायस. हिरव्या चिंध्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

घरी आल्यावर ऐकलं, आत्या शेजारणीला सांगत होती, भावाचा मुलगा सुधारला हो, इतक्या थोड्या दिवसांत मोठ्या माणसाची जागा दिली त्याला. शेजारीण म्हणाली, तुमच्या हाताला यश आहे. मी जिन्यात थांबलो होतो. वर जाता येईना, खाली जाता येईना.

लिहायचंच तर खरं लिहितो. १३ तारखेच्या पानावर मी खोटं लिहिलंय. मी बाहेर पळालो तेव्हा ती बाई गेली नव्हती. समोर बसथांब्यावर उभी होती. पाठमोरी, निळी पिशवी एका हातात, काठी दुसऱ्या. वीस पावलं नसतील. हाक मारायची होती. मग काय सांगायचं, ताईंसमोर काकांसमोर कसं दिसायचं, असा विचार करत मी उभा राहिलो. बस आली. ती चढली. मला हायसं वाटलं.

हायसं वाटलं होतं मला.

मंगळवार, २५

सामान जड झालंय. सगळंच नाही, फक्त ज्याला रबर आहे ते. छत्री उचलली तर मुठीत कुणी लोंबकळल्यासारखी खाली गेली. वॉकर उचलून फळीवर ठेवायचा होता, दोन्ही हातांनी उचलेना. ताई एका हाताने उचलून गेल्या आणि म्हणाल्या, जेवतोस की नाही.

आधी चिकटायचं फक्त. आता ओढतं. खाली.

बुधवार, २६

आज ठरवून काकांच्या घरी गेलो. सांगायचंच म्हणून. रस्त्यात वाक्य पाठ केलं, काका ती काठी माझी होती. एवढंच.

काकू दार उघडून कुजबुजल्या की बरं झालं आलास, कुणाशी बोलत नाहीत. काका आत होते. घरातल्या खुर्च्या एका ओळीत मांडलेल्या. एकेका खुर्चीच्या पाठीवर सगळं वजन टाकत होते, थांबत होते, पुढच्या खुर्चीकडे जात होते. मग दाराची कडी. मग टेबल. काकू म्हणाल्या, आठवडा झाला, दिवसभर हेच. हात कुठे चुकला ते शोधतात.

मला पाहून हसले. जवळ बसवलं, माझा हात हातात घेतला. मी ओढून घेणार होतो, पण त्यांना काही चिकटलं नाही. तळवा चाचपून म्हणाले, घट्टे पडायला लागले, छान. मग म्हणाले, "माझा हात गेला, पण तू शिकलास हे बरं झालं. वजन दिल्याशिवाय गाठ मारू नकोस हं."

मी हो म्हटलं.

पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं. काकूंनी दिलेला चहा प्यालो आणि आलो. काय माणूस आहे मी.

गुरुवार, २७

कामावर गेलो नाही. आत्याला सांगितलं, पोटात दुखतंय. ती ओवा घेऊन बसली उशाशी. माझ्या कपाळावर हात ठेवला. तिने कपाळावर हात ठेवला आणि मला रडू आलं. तिला वाटलं, पोटामुळे.

शुक्रवार, २८

जिन्याचा कठडा.

सकाळी उतरायला हात ठेवला. पाचव्या पायरीवर हात राहिला, मी पुढे. बाबांच्या चपलांसारखं. हवेत पोहलो थोडा. तेव्हा कोण हसत होतं ते आठवलं.

कठडा मऊ होता. आत बोटं होती. खरी, गरम नाही, गार नाही. माझी बोटं घट्ट धरलेली. आणि खाली ओढ — असली ओढ —

हात सोडवून वर पळालो. कातडी गेलीय थोडी.

शनिवार, १ मार्च

खाली गेलो नाही. आत्या ताट वर आणून देते. डॉक्टरांना बोलावू का विचारते. नको म्हणतो. तिच्या तोंडाकडे बघवत नाही.

पेन सुटत नाहीये. सकाळपासून. जेवलो डाव्या हाताने.

पेनाच्या रबरावर पावडर टाकली. माझी तीन बोटं. तिची चार. रेघ.

लिहितो तेव्हा ओढ कमी होते. खोटं लिहायला लागलो की — आत्ता लिहिणार होतो की मला माहीतच नव्हतं असं होईल. पेन कागदात घुसलं. पान फाटलं.

तेल घालताना माहीत होतं. काकांनी सांगितलं होतं. शब्द न्‌ शब्द.

रविवार, २

आत्या म्हणाली उद्या काकांचा निकाल आहे, तू जायला हवंस, तुझे गुरू ते. तिलाही वाईट वाटतंय म्हणाली. इतकी वर्षं चांगलं काम केलं न्‌ शेवटी हात दाखवला.

काकांनी नाही आत्या.

म्हणालो नाही. मनात म्हणालो. मनात म्हणायला काय जातं.

सोमवार, ३ मार्च

दुपारचे बारा. बैठक एक वाजता.

जिन्यात बसलोय, वरून पाचव्या पायरीवर. ऊन आहे चांगलं. खाली आत्याच्या भांड्यांचा आवाज येतोय. डावा हात कठड्यावर आहे, निघत नाहीये. वही गुडघ्यावर.

आधी हे. पोचलो नाही तर म्हणून. मोठ्या अक्षरात लिहितो. आत्या, ही वही ताईंना दे, एक वाजायच्या आत.

काकांचा हात चुकला नाही. ती काठी त्यांच्या हाताखालून गेलीच नव्हती. मुठीत तेल मी घातलं. चिंधी मी बांधली, त्यांच्यासारखी गाठ मारून. गंमत म्हणून. ती बाई बसथांब्यावर उभी होती आणि मी हाक मारली नाही. नंतर दोन दिवस होते, तेव्हाही नाही. समितीसमोर नाही, काकांच्या घरी नाही. काकांना सांगा, खुर्च्या जागेवर ठेवा. हात चांगला आहे तुमचा.

झालं. लिहिलं.

वाटलं होतं, लिहिल्यावर सोडेल. सोडलं नाही. पण ओरबाडत नाही आता. नुसतं धरलंय. थरथरतंय.

अंगठा खालून. आत्ता कळलं. खालून कोण धरतं — जो खाली आहे तो. लोंबकळणारा. इतके दिवस मला वाटलं, ही मला खाली ओढतेय, सूड म्हणून.

ओढत नाहीये. पडतेय. त्या शनिवारपासून पडतेच आहे. मूठ निघून हातात आली आणि अजून — अजून काही लागलंच नाही हाताला. जे रबर मी धरतो, तेवढंच तिला मिळतं. ब्रश. छत्री. पेन.

आणि मी प्रत्येक वेळी हात झटकला.

आजी, मी झटकणार नाही. ऐकू येतं का. पाय टेकवा. पायरी आहे इथं, सहावी. मी वजन देऊन बघितलंय, टिकते. मी एक पायरी खाली येतो, तुम्ही —

जड आहात हो. असू दे.

बारा उरल्या. सगळ्या उतरायच्यात, एक वाजायच्या आत. आत्या खालून हाक मारतेय. येतो म्हणालो. आम्ही

सातवी.

आजी असं नाही, दोन्ही हातांनी. पेन पण धरा. माझं मनगट धरा. मी सोडत नाही, तुम्ही फक्त नीट ध